ऑपरेशननंतर दोन महिने पाय हलका, मग पुन्हा कळ: असे का होते?

निपाणीजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचे वय ५६. तरुणपणी विड्या वळल्या, पुढे शेतात भांगलण केली. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, त्यावर मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू आहेत, आणि मिश्रीची सवय आहे. आठ महिन्यांपूर्वी कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादीचे ऑपरेशन झाले. त्यानंतर दोन महिने उजवा पाय अगदी हलका झाला होता. तिसऱ्या महिन्यात त्या पुन्हा भांगलणीला जाऊ लागल्या आणि त्याच सुमारास कळ परतली. आता पोटरीच्या बाहेरच्या अंगाला आग होते आणि पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा आहे. नव्या एमआरआयच्या अहवालात ऑपरेशनच्या जागी व्रणाची ऊती दिसते असे लिहिले आहे. एक डॉक्टर म्हणतात की ऑपरेशन उत्तम झाले आहे, आता काही करण्यासारखे नाही. दुसऱ्यांनी स्क्रू आणि रॉड सुचवले आहेत. पहिले ऑपरेशन चुकले का आणि दुसरे करावे का, असे मुलाने विचारले आहे.

या पत्रातले मला सर्वांत उपयोगी वाटलेले वाक्य म्हणजे दोन महिने पाय हलका झाला होता, हे. शस्त्रक्रियेनंतर बरे न वाटलेल्या रुग्णाला मी अहवाल उघडण्याआधी हेच विचारतो, की दुखणे मुळात गेलेच नाही, की जाऊन परत आले, की आता दुखते आहे ते आधीच्यापेक्षा निराळे आहे. या तिन्हींची कारणे बहुतांशी वेगळी असतात. दुखणे एकदा पूर्ण गेले असेल, तर निदान बरोबर होते आणि दाबलेली शीर, म्हणजे मज्जातंतू, मोकळीही झाली होती, असे धरून चालता येते. म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की पहिले ऑपरेशन चुकल्याचा पुरावा तुमच्या पत्रात तरी नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी बरेच काही सांगावे लागेल.

गादीचे ऑपरेशन एकच काम करते, ते म्हणजे शिरेवर आलेला दाब काढणे. सरकलेली गादी आणि पायात उतरणारी कळ यांचा संबंध बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ साली स्पष्ट मांडला, आणि तेव्हापासून आजच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपर्यंत साधने कितीही बदलली तरी हेतू तोच राहिला आहे. दाब गेला की पायातली कळ जाते, बहुतेकांची काही दिवसांतच जाते. कमरेतले जुने, खोल, कामाच्या ओझ्याने वाढणारे दुखणे मात्र या ऑपरेशनने जाईलच असे नाही, कारण ते शिरेच्या दाबामुळे येत नसते. आपल्या भागात ही गल्लत फार होते. वीस वर्षे उसाच्या मोळ्या वाहिलेल्या माणसाची कंबर दुखतच असते. एके दिवशी पायात कळ उतरते, ऑपरेशन होते, पाय बरा होतो, पण कंबर तशीच राहते, आणि घरचे म्हणतात ऑपरेशन फसले. खरे तर ते ज्यासाठी केले होते त्यात यशस्वी झालेले असते. आधी कोणीतरी पाच मिनिटे बसून हे समजावून सांगायला हवे होते, इतकेच. जुन्या पुस्तकांत 'फेल्ड बॅक सर्जरी', म्हणजे पाठीचे फसलेले ऑपरेशन, या नावाखाली जे प्रमाण दिलेले आढळते ते १० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत काहीही असते, आणि आकडे इतके विखुरलेले असण्याचे एक कारण हेही आहे, की कोणी पाय मोजतो तर कोणी कंबर.

निदानाच्या पायरीवरच घसरण्याचे दुसरे मोठे कारण एमआरआय आहे. 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य आता चिकोडीपासून खानापूरपर्यंत प्रत्येक घरात पोहोचले आहे, आणि गॅप दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ सापडले असे लोक समजतात. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांतल्या ५२ टक्के जणांत किमान एका ठिकाणी गादी फुगलेली आढळली. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. तीत कोणताही त्रास नसलेल्या पन्नाशीच्या माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांत गादीची झीज दिसली. तेव्हा छपन्न वर्षांच्या, आयुष्यभर वाकून काम केलेल्या बाईच्या एमआरआयमध्ये काही ना काही सापडणारच. रुग्ण सांगतो ती कळ, तपासताना आढळणारा अशक्तपणा किंवा बधिरपणा आणि चित्रातला दाब ही तिन्ही एकाच शिरेकडे बोट दाखवत असतील, तरच ऑपरेशनचा चांगला गुण येतो. नुसत्या चित्रावर केलेल्या ऑपरेशनाने बरे वाटले नाही, तर त्यात नवल नाही.

ज्यांचे दुखणे ऑपरेशननंतर एक दिवसही गेले नाही, त्यांच्यात म्हणून मी आधी मणका सोडून इतरत्र पाहतो. खुब्याचा विकार हा यातला नेहमीचा चकवा. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो कुजू लागला, की जांघेत, मांडीत आणि गुडघ्यापर्यंत दुखते. मांडी घालून बसता येत नाही आणि पाय आत वळवला की रुग्ण ओरडतो. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, तरी ती न करता मणक्याचे ऑपरेशन झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. तंबाखू खाणाऱ्यांत आणि ओढणाऱ्यांत पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात व चालताना पोटऱ्या भरून येतात. मणक्यांतला शिरांचा मार्ग अरुंद झाला तरी चालताना असेच होते, पण त्या रुग्णाला नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. बसस्टँडपर्यंत चालवत नाही, मात्र सायकल कितीही मारता येते, असे तो सांगतो. मणक्याचा क्षय आपल्याकडे संपलेला नाही. ज्यांच्या घरी जित्राबे आहेत आणि कच्चे दूध पिण्याची पद्धत आहे, त्यांना ब्रुसेल्ला या जंतूचा संसर्ग कमरेत आणि माकडहाडाजवळच्या सांध्यात होऊ शकतो. संध्याकाळचा ताप, घाम आणि कंबरदुखी हे एकत्र दिसले, तर ऑपरेशनचा विचार करण्याआधी रक्त तपासावे.

निदान बरोबर असूनही शीर पुरती मोकळी न होणे, हेही घडते. गादीचा तुकडा काढला जातो, पण शीर ज्या छिद्रातून बाजूला बाहेर पडते तिथला हाडाचा दाब तसाच राहतो. काही लोकांत कमरेचा शेवटचा मणका जन्मतः त्रिकास्थीला, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाला, अर्धवट जोडलेला असतो, त्यामुळे मणके मोजण्यात चूक होऊन एक मजला वर किंवा खाली ऑपरेशन होण्याचा धोका असतो. ऑपरेशनच्या टेबलावर एक्स-रे काढून मजला पुन्हा तपासण्याची शिस्त त्यासाठीच आहे.

आणि कधी शीरच थकलेली असते. पायात रुतलेला काटा काढल्यावरही ठणका काही दिवस राहतो, तसे शिरेचे आहे; फक्त इथे दिवसांऐवजी महिने लागतात आणि काटा फार काळ राहिला असेल, तर ठणका कायमचाही राहू शकतो. इजा झालेला शिरेचा तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर गाठायला वर्षाहून अधिक काळ लागतो. ऑपरेशनने कळ लवकर जाते, अशक्तपणा सावकाश जातो आणि बधिरपणा सर्वांत शेवटी जातो किंवा जातच नाही, हे रुग्णाला आधी सांगितले नसेल, तर तो बरा होत असतानाही निराश होतो.

इथे ऑपरेशनच्या वेळेचा प्रश्न येतो, आणि आपल्या भागात दोन्ही टोकांच्या चुका होतात. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पायात तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांपैकी काहींचे ऑपरेशन लवकर केले आणि बाकीच्यांना थांबवून औषधोपचार दिले, गरज पडली तरच पुढे ऑपरेशन केले. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के रुग्ण सारखेच बरे झाले होते. म्हणजे पाऊल लुळे पडलेले नाही, लघवीवरचा ताबा शाबूत आहे, अशा रुग्णाने पहिले सहा ते आठ आठवडे थांबण्यात नुकसान नाही. पण थांबायचे म्हणजे किती, यालाही मर्यादा आहे. कळ सहा महिन्यांहून जास्त राहिल्यावर केलेल्या ऑपरेशनचा गुण कमी येतो. कारखान्याचा गळीत हंगाम उरकू दे, मग भाताची रोपलावण होऊ दे, मग घरातले लग्न, असे करत वर्ष काढलेले रुग्ण जेव्हा पाऊल ओढत येतात, तेव्हा उत्तम ऑपरेशन होऊनही हाती थोडेच लागते.

आता तुमच्या आईंसारखे, म्हणजे जाऊन परत आलेले दुखणे. पहिल्या काही आठवड्यांतच कमरेत असह्य, झोपेतही न थांबणारे दुखणे सुरू झाले, तर गादीच्या जागेतील जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो. साखर ताब्यात नसलेल्या मधुमेहींत हा धोका जास्त असतो, आणि टाके वरून कोरडे असले तरी आत संसर्ग असू शकतो. आईंचे दुखणे पायात आहे आणि तिसऱ्या महिन्यात आले आहे, त्यामुळे ही शक्यता कमी वाटते. तरी संसर्गाची चाहूल देणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या स्वस्त आहेत, त्या करून घ्याव्यात. अधिक संभवनीय कारण म्हणजे त्याच जागेतून गादीचा उरलेला भाग पुन्हा बाहेर येणे. निरनिराळ्या अभ्यासांत हे साधारण ५ ते १५ टक्के रुग्णांत आढळते. यात बहुधा कोणाची चूक नसते, कारण ऑपरेशनात गादी पूर्ण काढत नाहीत, फक्त सुटलेला भाग काढतात, आणि ज्या फटीतून तो आला ती फट कित्येक महिने कच्ची असते. अशा वेळी वाकून, पीळ देऊन ओझे उचलले, की पुन्हा तसेच होऊ शकते.

अहवालातली व्रणाची ऊती इथे गोंधळ घालते. ऑपरेशनच्या जागी व्रण सर्वांच्याच शरीरात तयार होतो, ज्यांचे काहीच दुखत नाही त्यांच्याही. म्हणून व्रण दिसला एवढ्यावरून तोच गुन्हेगार ठरवता येत नाही, आणि व्रण खरवडून काढण्यासाठी पुन्हा ऑपरेशन करणे तर मला कधीच पटलेले नाही. त्या जागी नवा व्रण येतो. व्रणाआड गादीचा नवा तुकडा लपला आहे का, हे साध्या एमआरआयवर नेहमी उमगत नाही. गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊन एमआरआय काढला, तर रक्तवाहिन्या असलेला व्रण उजळतो आणि गादीचा तुकडा सुरुवातीला काळाच राहतो. आईंना मधुमेह असल्यामुळे त्याआधी क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडे ठीक आहेत याची खात्री करावी.

पण आईंच्या बाबतीत मला आणखी एका जागेची शंका आहे, ती म्हणजे गुडघ्याची. पोटरीचे बाहेरचे अंग आणि पावलाची वरची बाजू हा प्रदेश चौथ्या-पाचव्या मणक्यांजवळ दबणाऱ्या शिरेचा आहे, हे खरेच. पण गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून खाली जाणाऱ्या शिरेचाही जवळजवळ तोच प्रदेश आहे. ती शीर तिथे कातडीच्या अगदी खाली असते. तासन्‌तास उकिडवे बसून भांगलण करणाऱ्यांत, पायावर पाय घेऊन विड्या वळत बसणाऱ्यांत ती दबू शकते, आणि मधुमेहात शिरा दाबाला लवकर बळी पडतात. दुखणे भांगलणीला गेल्यावर परतले, हे तुम्ही लिहिले आहे. मला ही दोन्ही कारणे सारखीच शक्य वाटतात. कळ ढुंगणापासून सुरू होऊन खाली उतरते का, खोकताना-शिंकताना वाढते का, पाय सरळ उचलला की ताण बसतो का, हे पाहावे. तसे असेल तर मूळ कमरेत आहे. ढुंगण आणि मांडी साफ आहे, सगळा त्रास गुडघ्याखालीच आहे आणि त्या उंचवट्यामागे बोटाने टिचकी मारली की पावलापर्यंत मुंग्या जातात, असे असेल तर गुडघ्याकडे पाहावे. पाऊल वर उचलण्याची ताकद दोन्हींत कमी होते; पाऊल आत वळवण्याची आणि कुशीवर झोपून पाय बाजूला उचलण्याची ताकद मात्र मणक्यातली शीर दबली तरच कमी होते. शिरांची वहनचाचणी, म्हणजे एनसीव्ही आणि ईएमजी, करून हे पक्के करता येते. शिवाय मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही पायांत आग व बधिरपणा येतो, सहसा दोन्ही पायांत. तीही तपासणी याच वेळी उरकावी.

स्क्रू आणि रॉड यांच्याविषयी. दोन मणके जोडण्याचे हे ऑपरेशन मणका डळमळीत झाला असेल तेव्हा उपयोगी पडते. पहिल्या ऑपरेशनात हाड जास्त काढले गेले असेल, किंवा एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकत असेल, तर ते उभ्याने, वाकून आणि मागे झुकून काढलेल्या साध्या एक्स-रेवर दिसते. तो एक्स-रे काढल्याचे तुमच्या पत्रात नाही. तो काढलेला नसताना, नुसत्या व्रणासाठी आणि पायाच्या आगीसाठी स्क्रू घालण्याचे कारण मला दिसत नाही. केवळ झिजलेल्या गाद्यांमुळे कंबर दुखणाऱ्यांचे मणके जोडले काय आणि त्यांची भीती घालवून नीट व्यायाम करवून घेतले काय, वर्षानंतर फरक पडला नाही, असे नॉर्वेतल्या २००३ सालच्या अभ्यासात दिसले होते. पहिल्यापेक्षा दुसऱ्या आणि दुसऱ्यापेक्षा तिसऱ्या ऑपरेशनात गुण येण्याची शक्यता उतरत जाते, याचा अनुभव या क्षेत्रातल्या प्रत्येकाला आहे. जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या गाद्यांवर ताण वाढतो, तो भाग वेगळाच.

दुसरे ऑपरेशन वाईटच, असे मी म्हणत नाही. गादीचा नवा तुकडा सापडला, तो त्याच शिरेवर बसलेला दिसला आणि औषधोपचारांनी सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही, तर पुन्हा तुकडा काढण्याने चांगला आराम मिळतो, आणि गादी पहिल्यांदाच पुन्हा सरकली असेल, तर स्क्रू सहसा लागत नाहीत. कोणत्याही कारणाने मणके जोडावेच लागले, तर मिश्री आधी सोडावी लागेल. निकोटीनमुळे हाड नीट जुळत नाही, आणि ते नाकातून गेले की हिरडीतून, याने फरक पडत नाही. निपाणी परिसरातल्या बायकांना तंबाखूविषयी विचारले की त्या ठाम नाही म्हणतात आणि मिश्रीचा उल्लेखही करत नाहीत, म्हणून मी ती वेगळी विचारतो.

बेळगाव, मिरज, कोल्हापूर, हुबळी अशा फेऱ्यांत प्रत्येक ठिकाणी नवी फाईल होते आणि पहिल्या ऑपरेशनची टिपणी कुठेच नसते. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झाले तिथून ती लेखी मागून घ्या. डिस्चार्ज कार्ड पुरेसे नाही. कोणत्या बाजूने, कोणत्या मजल्यावर, किती हाड काढले, शिरांवरचे आवरण फाटले होते का, हे त्या टिपणीतच असते. ऑपरेशनआधीचा एमआरआय आणि आत्ताचा, दोन्ही शेजारी ठेवून पाहणाऱ्या डॉक्टरांकडे जा.

नवा दाब कुठेच सापडला नाही, तर प्रश्न शिरेच्या हळवेपणाचा आहे. अशा वेळी वेदना खरीच असते. दीर्घकाळ चाललेल्या कळेने मज्जासंस्था इतकी संवेदनशील होते, की साधा स्पर्शही आग लावतो. झोप मोडलेली असेल, उदासी असेल, वाकले की पुन्हा गादी सरकेल अशी भीती बसली असेल, तर ती वेदना वाढते, आणि महिनोन्‌महिने पट्टा बांधून पडून राहिल्याने पाठीचे स्नायू गळतात ते वेगळेच. यावर प्रीगॅबालिन किंवा ड्युलोक्सेटिनसारखी शिरेच्या वेदनेची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमी मात्रेपासून सुरू करतात. दुकानातून आणून रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचा या आगीवर फारसा उपयोग होत नाही आणि मधुमेहात त्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. संशयित शिरेजवळ एक्स-रेखाली दिलेले इंजेक्शन उपचारही असते आणि तपासणीही. त्याने काही तास का होईना कळ पूर्ण थांबली, तर मूळ त्याच शिरेत आहे असे समजते. चालणे दर आठवड्याला थोडे वाढवावे, पाठीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकावेत, आणि भांगलण तूर्त बंद ठेवावी. पुढे करायचीच झाली, तर उकिडवे न बसता लांब दांड्याचे अवजार वापरून, उभ्याने करावी. मज्जारज्जूला सूक्ष्म विद्युत्प्रवाह देणारे यंत्रही अशा रुग्णांसाठी असते, पण ते महाग आहे आणि आईंच्या बाबतीत त्याचा विचार करण्याची वेळ अजून आलेली नाही.

दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, पाऊल अचानक लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर तपासण्यांची वाट न पाहता त्याच दिवशी मणक्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात जावे. तिथे तासांचा हिशेब असतो. बाकी वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या दोन-तीन आठवड्यांत निवांतपणे होण्यासारख्या आहेत. त्या हातात येईपर्यंत दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घेऊ नका.